खारजमिनीतला भात निसवताना पाहा

प्रति,
मा. कुलगुरू,
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली



उधाणाच्या भरतीने पेण-अलिबागकडच्या बांधाला खांड पडली की खाडीचे पाणी भातात शिरते आणि काही दिवसांत पानांचे शेंडे करपतात. शेतात पाणी उभे, तरी रोप तहानलेले. मिठामुळे मुळांना ते पाणी ओढताच येत नाही. शिवाय सोडियम पानांत साचतो आणि पोटॅशियमची जागा बळकावतो. मातीतल्या द्रावणाची विद्युतवाहकता ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की भाताचे उत्पन्न घटू लागते. बार्लीचे ८ पर्यंत घटत नाही.

तरी खारपट्ट्यात भात पिकत आला. आधी काळा राता, भुरा राता हे स्थानिक वाण होते. मग विद्यापीठाच्या पनवेल केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ दिले.

खार सोसणारे भात नेमके काय करतात, याचा एक धागा बंगालच्या नोना बोकरा या वाणात सापडला. मुळांकडून वर चढणाऱ्या रसातला सोडियम वाटेतच काढून घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक २००५ मध्ये त्यातून ओळखले गेले. केरळची पोक्काळी झपाट्याने उंच वाढते, त्यामुळे शोषलेले मीठ मोठ्या अंगात विरळ होते. उरलेले मीठ जुन्या पानांत कोंडून कोवळी पाने वाचवणारे वाणही आहेत.

पण रोपावस्थेत खार सोसणारा वाण निसवतानाही तो सोसेलच असे नाही. या दोन क्षमता बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. खारपट्ट्यातला शेतकरी आधी पावसाने मीठ धुऊ देतो, मग मोड आलेले बी रहू पद्धतीने फेकतो. म्हणजे कोवळ्या रोपाला पाऊस सांभाळतो. खरी कसोटी आश्विनात. पाऊस ओसरतो, खालचे मीठ वर चढते आणि नेमके तेव्हाच पीक पोटरीत असते. त्या वेळचा खार लोंबीत पळींज भरतो.

म्हणून विद्यापीठाने नव्या वाणांची पारख शेतकऱ्यांच्याच खाचरांत, निसवण्याच्या वेळी, काळा राता शेजारी लावून करावी. कोणत्या अवस्थेत किती खार चालतो, हा आकडा बियाण्याच्या पिशवीवर मराठीत छापावा.

आणि समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० डेसिसायमन प्रति मीटरच्या आसपास असते. ते शेतात साचून राहिले तर यातला कोणताही भात वाचणार नाही, हे विद्यापीठाने खारभूमी विकास खात्याला लेखी कळवावे. म्हणून बांध आणि उघाड्यांची (पाणी बाहेर सोडणाऱ्या दारांची) दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी व्हायला हवी.