टाकीत आधी यंत्र सोडा, मग माणसाचं बघू

भांडुपकरांनो, जून २०२१ आठवतो? पाणी तुंबलेल्या फुटपाथवर दोन बायका उघड्या मॅनहोलमध्ये पडल्या आणि थोडक्यात वाचल्या. सीसीटीव्हीचा तो व्हिडिओ देशभर फिरला. झाकण का नाही, म्हणून आपण सगळे पेटलो. बरोबरच होतं ते. पण त्याच झाकणाखाली पोटासाठी जो उतरतो, त्याच्यासाठी किती वेळा पेटलो?

मे २०१९, ठाण्यातलं ढोकाळी: सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पात तीन कामगार गेले. त्याच वर्षी डिसेंबरात गोवंडीत, सेप्टिक टँकमध्ये तीन. एप्रिल २०२४, विरारची ग्लोबल सिटी: चार. मार्च २०२५, नागपाडा: बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार. चार ठिकाणी चौदा जीव.

नागपाड्याचं परत वाचा. ते गटार नव्हतं. पाण्याची टाकी होती!

'पाण्याच्या टाकीत कसला आलाय गॅस?' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. अहो, बंद टाकीत लोखंड गंजतं, सेंटरिंगच्या फळ्या कुजतात, गाळ सडतो, आणि हे सगळं हवेतला ऑक्सिजन खातं. हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की धोका. फारच कमी झाला तर माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. वास नाही, रंग नाही.

गटारात तर हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास. 'वास आला की वर येऊ' म्हणणाऱ्यांनो, हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की नाकच बधिर होतं. वास जातो, गॅस तिथेच असतो. काही जण काडी पेटवून बघतात. खाली मिथेन असेल तर स्फोटच. आणि एक पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो. म्हणून आकडा एकावर थांबत नाही.

यावर उपाय खिशात मावणारा आहे. गॅस डिटेक्टर. ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेट घेणारे गॅस, चारही एकदम मोजतो. हायड्रोजन सल्फाइड साधारण दहावर गेला की बोंबलतो, थरथरतो. झाकण उघडून आधी तो दोरीने सोडायचा. वर, मध्ये, तळाशी मोजायचं, कारण मिथेन वर चढतो आणि हायड्रोजन सल्फाइड तळाला बसतो. मोजून झाल्यावरही तो अंगावर हवाच, कारण गाळ ढवळला की गॅस नव्याने सुटतो. आणि वेळच्या वेळी तपासून घेतलेला हवा, नाहीतर ते नुसतं खेळणं.

'ते कंत्राटदाराचं काम' हे उत्तर आता पुरे. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नियमांतल्या साधनांच्या यादीत गॅस मॉनिटर आहे. गटारातल्या मृत्यूला ३० लाख भरपाई द्या, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. गणपतीच्या मंडपाला वर्गणी काढणाऱ्या सोसायट्यांना एक डिटेक्टर जड जातो?

आणि डिटेक्टर म्हणजे माणूस उतरवायचा परवाना नव्हे. मशीनने होतं ते काम मशीननेच करा. यंत्र वाजलं तर काम बंद, मग सेक्रेटरी कितीही घाई करो.

माझ्या दोन मागण्या. सोसायट्यांनी येत्या सभेत ठराव करावा: रीडिंग वहीत लिहिल्याशिवाय कुठल्याही टाकीत माणूस उतरणार नाही, पाण्याच्या टाकीतसुद्धा. आणि पालिकेच्या एस वॉर्डाने तपासलेले डिटेक्टर भाड्याने द्यावेत, म्हणजे चाळींना आणि छोट्या सोसायट्यांनाही परवडेल.

पावसाळ्याआधी टाक्या उघडतील. त्याआधी हे तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि सेक्रेटरींना एकच विचारा: आपल्याकडे डिटेक्टर आहे का?