कान तपासताय की भाषा?

ऐकण्यावरचे प्रयोग करायला सॉफ्टवेअरचा तुटवडा अजिबात नाही. पायथनवरचं सायकोपाय फुकट, ॲम्स्टरडॅमचं प्राट फुकट. मॅटलॅबचा परवाना परवडत नसेल तर सायकटूलबॉक्स ऑक्टेव्हवरही चालतं. एक वीकांत बसलात तर ‘आवाज ऐकव, उत्तर घे, नोंद कर’ एवढा प्रोग्रॅम तुम्हीही लिहाल.

घोळ होतो तो पुढे. ‘बरोबर उत्तर’ कोणतं, हे त्या प्रोग्रॅमला आपण सांगतो ना!

शहापूर-मुरबाडकडचा एखादा आगरी म्हातारा घ्या. हेडफोनवर ‘काळा’ ऐकवलं, बाबा म्हणाले ‘काला’. प्रमाण मराठीची यादी घेऊन बसलेला प्रोग्रॅम लगेच फुली मारणार. अहो, पण आगरीत काळ्याचा काला आणि पाण्याचं पानीच होतं! कान ठणठणीत, नापास झाली बोली. ठाकर-कातकरी वाड्यांवर काय होईल ते तर विचारूच नका. आणि असा रिपोर्ट घेऊन मुरबाडहून बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जायचं म्हणजे आधी एसटीने कल्याण, मग लोकल, दादरला गाडी बदला... दिवसाची मजुरी गेली.

म्हणून मला शब्दांपेक्षा आकडे बरे वाटतात. नेदरलँड्समध्ये कास स्मिट्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली फोनवरून घेता येणारी चाचणी मांडली. गोंगाटात तीन आकडे ऐकवायचे. तिन्ही बरोबर आले की पुढची फेरी २ डेसिबलने अवघड, चुकलं की तेवढीच सोपी. थोड्या फेऱ्यांत निम्म्या वेळा जमेल अशा पातळीवर माणूस स्थिरावतो. मोजायचा असतो आवाज आणि गोंगाट यांच्यातला फरक, त्यामुळे स्वस्तातला हेडफोनही बऱ्यापैकी चालतो. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं हिअरडब्ल्यूएचओ ॲप याच तत्त्वावर आहे.

पण डच चाचणीचं नुसतं भाषांतर करू नका. त्यांनी सात आणि नऊ वगळले, कारण डचमध्ये ते दोन अवयवांचे. आपल्याकडे सहा आणि शून्य तसे, चटकन ओळखू येणारे. उलट सात-आठ गोंगाटात एकमेकांत मिसळतात. प्रत्येक आकडा सारखाच अवघड वाटेपर्यंत त्याची पातळी जुळवायची, तीही तिथल्याच चांगलं ऐकू येणाऱ्या माणसांना बसवून. हे काम कोडिंगचं नाही, म्हणून ते कुणाला करायचं नसतं :)

आणि टचस्क्रीनचा हट्ट सोडा. बाबांनी ऐकलं ते बोलावं, आशाताईंनी बटण दाबावं. उच्चार कसाही असो, आकडा तोच राहतो.

मुरबाडला एमआयडीसी आहे. गोंगाटाने येणारा बहिरेपणा २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता. तिथल्या कामगाराला ही चाचणी भरपाई मिळवून देणार नाही, त्याला रीतसर ऑडिओमेट्रीच लागते. पण ती करून घ्यायची वेळ आली, हे पाच मिनिटांत सांगेल. त्यासाठी नवं ॲप नको, मुरबाडच्या माणसाच्या आवाजातले दहा आकडे हवेत.