विहिरीतली पाळी अन् रिसॉर्टचा व्हिला

आज फवारणी नाही, बाजारभाव नाही. महिनाभरात तिघांनी मला एकच गोष्ट विचारली, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

एकजण धामणगाव रेल्वेकडचा. समृद्धी महामार्गात गेलेल्या वावराच्या मोबदल्यातले काही पैसे अजून त्याच्या बँकेत पडून आहेत. दुसरे अकोटचे निवृत्त गुरुजी. तिसऱ्याचा पोरगा पुण्याला नोकरीत, तो बापाच्या मागं लागलाय. तिघांचा प्रश्न थोड्याफार फरकानं असा : "भाऊ, एक रिसॉर्टवाले जुन्या हॉटेलाच्या मांगं नवे व्हिले बांधून रायले. वर्षातले सात दिवस आपले, पंचवीस वर्षं. चार लाखात देतो म्हन्ते. घ्यावं काय?"

याला टाइमशेअर म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतातल्या बर्फाच्या गावांत ती सुरू झाली. आपल्याकडं १९८६ला स्टर्लिंग आली, १९९६ला महिंद्राची क्लब महिंद्रा आली. म्हणजे धंदा कायदेशीर आहे आणि नाव घेतलं की फसवणूकच, असं काही नाही. पण घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे कळलेलं नसतं. माझ्या मते कास्तकाराला ते समजायला सगळ्यांत सोपं आहे, कारण सामाईक विहीर आपण पिढ्यान् पिढ्या वापरतो.

चार भावांची एक विहीर. वाटणीत प्रत्येकाला दोन-दोन दिवसांची पाळी. पाळी आपली, पण विहीर एकट्याची नाही. तरी आपला हिस्सा सातबाऱ्यावर इतर अधिकारात लिहिलेला असतो. भाऊ कितीही भांडला तरी ती नोंद पुसली जात नाही. वावर विकलं तर पाळीही त्याच्यासोबत जाते, पोरांच्या नावावर चढते. टाइमशेअरमध्ये तुम्हाला मिळते ती फक्त पाळी. बावन्न आठवड्यांतला एक आठवडा. विहीर रिसॉर्टवाल्याची, सातबारा रिसॉर्टवाल्याचा, किंवा त्यानं ज्याच्याकडून जागा मक्त्यानं घेतली त्याचा. तुमच्या हातात एक सदस्यत्वाचं कार्ड आणि करारनामा. एजंट म्हणतो, "व्हिला तुमचाच समजा." समजायला पैसे लागत नाहीत. पण हे चार लाख तुम्ही पंचवीस वर्षांचा मक्ता आगाऊ भरता आहात, मालकी घेत नाही आहात. एका वर्षाहून जास्त मुदतीचं मक्तेपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं हे आपल्याला माहीत आहे. यांचा करारनामा नोंदवलेला आहे काय, एवढंच एजंटाला विचारून पाहा. बहुतेक वेळा उत्तर येतं की हे सदस्यत्व आहे, नोंदणीची गरज नाही. मग व्हिला 'तुमचा' कसा झाला?

आता 'जुन्या हॉटेलात नवे व्हिले' हा भाग, ज्याच्याकडं कोणी पाहतच नाही. मला खरी भीती याचीच वाटते.

समजा हॉटेल आधीपासून चालू आहे. तीस खोल्या, एक पोहायचा तलाव, एक भटारखाना, एक बोअर, एक जनरेटर. मागच्या पडीक जागेत त्यानं वीस व्हिले काढले आणि प्रत्येक व्हिल्याचे ५१ आठवडे विकायला बसला (एक आठवडा दुरुस्तीला). आता चार भावांच्या विहिरीतल्या थोरल्यानं गावात आणखी वीस जणांना पाळ्या विकल्या तर काय होईल? झरा तोच आहे. चिखलदऱ्याचंच घ्या. विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण, १,११८ मीटर उंचीवर. पावसाळ्यात धबधबेच धबधबे, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या गावांना टँकर. अशा डोंगरावर नवे व्हिले म्हटले की माझा पहिला प्रश्न खिडकीतून दरी दिसते काय, हा नसतो. मे महिन्यात नळाला पाणी कुठून येणार आणि त्याचं बिल कोण भरणार, हा असतो.

कारण बिल भरायचं आहे. चार लाख दिले म्हणजे सुटलो असं नाही. दरसाल देखभाल खर्च वेगळा. तुम्ही गेला नाहीत तरी द्यायचा. सोसायटीचा पाणीउपसा कर जसा पीक पेरलं न पेरलं तरी अंगावर बसतो, तसाच. आता यात कोणाचा खर्च येतो? जुन्या हॉटेलाचं छत गळलं, लॉबीला रंग द्यायचा, वेटरचे पगार, तलावाची फरशी उखडली : यातला किती हिस्सा व्हिलेवाल्यांवर टाकायचा, हे कोण ठरवतं? हॉटेलाच्या तीस खोल्यांचं भाडं मालकाच्या खिशात जातं, त्यात सदस्यांचा वाटा नाही. मग खर्चात किती? करारात याचं सूत्र लिहिलेलं असेल तर ठीक. 'कंपनी ठरवेल त्याप्रमाणे' असं लिहिलं असेल तर थोरल्या भावानं वीजबिलाची वाटणी आपल्या मनानं केल्यासारखं आहे.

थोडा हिशेब मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या करारातले टाकून पुन्हा करा. चार लाख बँकेत ठेवले आणि साडेसहा टक्के धरले तर वर्षाला २६,००० रुपये व्याज. देखभाल १५,०००. झाले ४१,००० रुपये, सात रात्रींचे. म्हणजे रात्रीला ५,८००च्या वर. तेवढ्यात आपल्या भागात कोणत्याही दिवशी जाऊन चांगली खोली मिळते, आणि बँकेतलं मुद्दल जागेवर राहतं. टाइमशेअरमध्ये पंचवीस वर्षांनी मुद्दल शून्य. वरून देखभाल दरसाल सात टक्क्यांनी वाढली तर पंचविसाव्या वर्षी ती ७६,०००वर जाते आणि पंचवीस वर्षांची बेरीज साडेनऊ लाखांच्या आसपास होते. घेतलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त. एजंट म्हणेल, खोलीचं भाडंबी वाढनच ना भाऊ. वाढेल, बरोबर आहे. पण भाडं वाढलं तर त्या वर्षी मी घरी बसेन. दुष्काळ पडला, बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, तर पहिली सहलच रद्द होते. देखभालीचं बिल मात्र दुष्काळात माफ होत नाही.

हाच हिशेब मालकाच्या बाजूनं पाहा, म्हणजे त्याला एवढी घाई का ते कळेल. एका व्हिल्याचे ५१ आठवडे सरासरी तीन लाखांनी गेले तरी १ कोटी ५३ लाख. बांधकामाला बँकेचं कर्ज नाही, व्याज नाही, तारण नाही. शिवाय एका व्हिल्यामागं वर्षाला ७ लाख ६५ हजार देखभाल. मी त्याला वाईट म्हणत नाही. मी असतो तर मीही हेच केलं असतं. फक्त हे ध्यानात ठेवा की बांधकामाचं भांडवल तुम्ही पुरवताय, आणि भांडवल पुरवणाऱ्या बँकेला जे तारण मिळतं ते तुम्हाला मिळत नाही. व्हिले अर्ध्यावर थांबले तर? अर्धा व्हिला घेऊन सात दिवस कुठं राहणार? म्हणून बांधून झालेले किती आणि नकाशावरचे किती, हे स्वतः जाऊन पाहायचं. जागेचा एनए आदेश आणि बांधकाम परवानगी मागून पाहायची, आणि ती जागा आधीच बँकेकडं गहाण आहे काय, हे सातबाऱ्यावर दिसतं. जमीन घेताना आपण पंधरा वेळा तलाठ्याकडं जातो. इथं एसी हॉलमध्ये बसून चहा-समोशावर सही करतो.

आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाला कळणार नाही, पण तुम्हाला लगेच कळेल. आठवड्यांना रंग असतात. दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, डिसेंबरअखेर हे महाग रंगाचे. बाकीचे स्वस्त. आता आपलं वर्ष मांडा. जून ते ऑगस्ट पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी. ऑक्टोबरात सोयाबीन. दिवाळीच्या पुढंमागं कापसाची वेचणी. डिसेंबर-जानेवारीत वरुड-मोर्शीकडचा संत्रावाला आंबिया बहाराच्या ताणात अडकलेला, अन् बाकीचे तुरीत. फेब्रुवारी-मार्च हरभरा, गहू. कास्तकार खरा मोकळा होतो तो एप्रिल-मे मध्ये. म्हणजे स्वस्त रंगाचा आठवडा घेतला तर तो वावरात काम असतानाच येतो, अन् मोकळ्या दिवसांचा घेतला तर तो सगळ्यांत महाग, त्यातही नंबर लावावा लागतो. 'कधीही या' असं कार्डावर असतं, पण ते उपलब्धतेवर. रात्रीची थ्री-फेज लाइन आली की पाळी कोणाचीही असो, पाणी ज्याचा पंप चालू त्याचं. हॉटेलातही तसंच. दिवाळीत रोख भाडं देणारा गिऱ्हाईक दारात उभा असताना व्हिला सदस्यासाठी राखून ठेवण्याची सक्ती करारात आहे काय, आणि नाही ठेवला तर भरपाई किती, हे वाचा.

आता गुरुजींना एजंटानं जे सांगितलं त्यावर. "फिरायचं नसेल तर रात्री परत करा, पैसे वाढवून मिळतील." हे वाक्य ऐकलं की मी तिथून उठतो. फिरण्यासाठी दिलेला पैसा वेगळा आणि परताव्यासाठी दिलेला वेगळा. दुसऱ्याला सेबीचा सामूहिक गुंतवणूक योजनांचा कायदा लागतो आणि त्यासाठी कंपनीची सेबीकडं नोंदणी लागते. महाराष्ट्रात हे नवीन नाही. पॅनकार्ड क्लब आठवतं? हॉटेलच्या रूम नाइट विकायचे, मुदत संपल्यावर राहा किंवा पैसे घ्या. कंपनी म्हणत होती आम्ही टाइमशेअर आहोत. २९ फेब्रुवारी २०१६ला सेबीनं आदेश काढून ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक ठरवली आणि पैसे परत करायला सांगितलं. तोपर्यंत ५१ लाखांवर लोकांकडून सुमारे ७,०३५ कोटी रुपये गोळा झालेले होते. अपिलात २०१७मध्ये तोच आदेश कायम राहिला. २०१५मध्ये सिट्रस चेक इन्स आणि रॉयल ट्विंकल स्टार क्लबवर सेबीचे असेच आदेश आले. ज्यांच्या मावशी-काकांनी, गावातल्या ओळखीच्या एजंटामार्फत, महिन्याला थोडे थोडे भरले त्यांना अजून विचारा. हॉटेलं खरी होती, खोल्या खऱ्या होत्या. त्यामुळंच लोकांचा विश्वास बसला.

मग कोणीच घेऊ नये काय? तसं मी म्हणणार नाही. पुण्याच्या त्या पोराचं उदाहरण घ्या. ठरलेल्या रजा, ठरलेला पगार, दरसाल कुठंतरी जाणारच, आणि कंपनी अनेक ठिकाणी स्वतःची रिसॉर्टं चालवणारी जुनी असेल, तर त्याला परवडूही शकतं. पण मग त्यानं आपल्या नावावर, आपल्या पगारातून घ्यावं. बापाच्या नावावर कशाला? पंचवीस वर्षांचं देखभाल बिल साठीच्या माणसाच्या नावावर टाकून तो कोणत्या डोंगरावर चढणार आहे? एकाच जागी एकच हॉटेल असलेल्या मालकाचे व्हिले घ्यायचे असतील तर आणखी दहा वेळा विचार करा. तो थकला, विकून मोकळा झाला, तर नवा मालक तुमचं कार्ड मानेल हे कुठं लिहिलंय ते आधी शोधा.

विकून टाकू, असंही कोणी म्हणेल. विकताना गिऱ्हाईक शोधून बघा. नवे आठवडे मालकच विकतोय, तुमचा जुना कोण घेणार? वापरलेला डवरा विकतो त्याहून वाईट गत.

चार लाख म्हणजे किती, हे मी माझ्यासाठी असं मोजतो : लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे ४९ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी सहा-सात क्विंटल धरले तर सात-आठ एकरांची सगळी पऱ्हाटी, खर्च न काढता, आणि सीसीआयनं पूर्ण भावानं घेतली तर.

मीटिंगला जायचंच असेल तर जा, जेवण बरं असतं. नवरा-बायको दोघांनाही बोलावतात, म्हणजे 'घरी विचारून सांगतो' म्हणता येऊ नये. तिथं एकच मागा : कोऱ्या कराराची प्रत, घरी न्यायला, आठ दिवसांसाठी. इसार नंतर. "आजच सही केली तर पन्नास हजार सूट" म्हणाले तर ती सूट कृषी केंद्रातल्या लेबल नसलेल्या टॉनिकसारखी समजा. युरोपात २००८च्या नियमानुसार टाइमशेअर घेणाऱ्याला सही केल्यावर १४ दिवस माघार घ्यायचा हक्क आहे आणि त्या दिवसांत आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी आहे. आपल्याकडं टाइमशेअरचा असा स्वतंत्र कायदा नाही. करारात कंपनी स्वतः जे दिवस देईल तेवढेच. ते किती आहेत, कुठून मोजायचे आणि माघार लेखी कोणत्या पत्त्यावर पाठवायची, यावर लाल पेनानं खूण करा.

ज्यांनी आधीच घेतलं आहे आणि आठवडा मिळत नाही, त्यांच्यासाठी : बुकिंग मागितल्याचे आणि नाकारल्याचे सगळे मेसेज, मेल, पावत्या जपून ठेवा. एजंट तोंडी जे म्हणाला ते आता मेल करून विचारा, लेखी उत्तर येऊ द्या. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असो की गोव्याची, अमरावतीकरानं अमरावतीत अन् अकोलेकरानं अकोल्यात. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, तेव्हा 'पुढच्या दिवाळीत नक्की देतो' यावर तिसरी दिवाळी काढू नका.