हिशेबाची वही आणि ज्ञानेश्वरी

पैठणचा पोरसवदा एकनाथ गुरूच्या ओढीने देवगिरीला पोचला आणि जनार्दनस्वामींनी त्याला बसवलं कशाला, तर हिशेबाला. स्वामी किल्ल्याचे अधिकारी, दप्तर मोठं. एका रात्री एक पै जुळेना. पोरगा दिवा लावून वह्या चाळत राहिला. चूक सापडली तेव्हा रात्र सरत आली होती, आणि त्याने आनंदाने टाळी वाजवली. स्वामी ते बघत होते. एका पैपायी ज्याचं एवढं भान हरपतं, त्याचं हेच चित्त भगवंताकडे वळलं तर काय होईल, असा त्यांचा प्रश्न होता. खरी साधना त्यानंतर सुरू झाली.

चरित्रकारांनी यात थोडा रंग भरला असेल. तरी गुरू या विषयावरच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मला ही गोष्ट जास्त उपयोगी वाटते. स्वामींनी त्या क्षणी गुपित मंत्र सांगितला नाही, ग्रंथात नसलेलं काही शिकवलं नाही. त्यांनी पोराकडे पाहिलं. तो कशात रमतो, कुठे स्वतःला विसरतो, हे हेरलं आणि वाट तिथूनच काढली. पुस्तकाला हे जमत नाही, कारण आपल्याला कोण वाचतंय हे त्याला दिसत नाही. आळशाला आणि उतावळ्याला ते एकच पान दाखवतं.

आमच्या इमारतीतले एक काका हे ऐकून उसळतात. सार्थ ज्ञानेश्वरीची त्यांची पारायणं झालीत, आता मोबाइलवरही ती आहे. ‘‘माउली पुरे मला. या बुवांच्या नादी कोण लागतो?’’ दुसऱ्या वाक्यावर वाद नाही. पोटासाठी शिष्य गोळा करणाऱ्यांना तुकोबांनीच इतकं झोडपलंय की आपण नवीन काही बोलायला नको. अडचण पहिल्या वाक्यात आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवाशाला सिद्ध झाली, ती एकट्याने खोलीत बसून लिहिलेली नव्हे. परंपरा सांगते की ज्ञानदेव बोलत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, आणि समोर त्यांचे गुरू निवृत्तिनाथ होते. ग्रंथात या सभेच्या खुणा जागोजाग आहेत. वक्ता श्रोत्यांची विनवणी करतो, गुरूच्या स्तुतीत वाहवत जातो, मग ‘हे पुरे, आता अर्थाकडे वळ’ अशा अर्थाने त्याला आवरलं जातं. तेराव्या अध्यायात तर गीतेतल्या आचार्यांच्या उपासनेच्या एका पदावर ओव्यांमागून ओव्या येतात. गुरू नको म्हणणाऱ्याने नेमका हाच ग्रंथ उशाशी घ्यावा, यात थोडी गंमत आहे. काकांना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, तो अध्याय मोठा आहे.

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला होत गेल्या. नकलाकारांच्या चुका शिरल्या, कुणाच्या हौशी ओव्या शिरल्या. कुणी अडवायला नव्हतं. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि यात कुणी पदरची ओवी घालू नये, अशी सक्त ताकीद शेवटी देऊन ठेवली. देवगिरीच्या दप्तरात पै शोधणाराच ओव्यांमधली भेसळ शोधायला बसला होता. म्हणजे काकांच्या हातातली शुद्ध प्रतही शेवटी एका गुरूने पारखलेल्या शिष्याकडून आलेली आहे.

पण म्हणून सदेह गुरूशिवाय काहीच नाही, असं म्हणायला मी तयार नाही, आणि आपली परंपराही नाही. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला. जेवायला पावशेर तूप मागितलं, आणि तुकोबांना त्याचा विसर पडला. संत बहिणाबाईंना कोल्हापुरात तुकोबांचा उपदेश मिळाला तोही स्वप्नातच. आमच्या नांदेडला तर १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपराच थांबवली आणि गुरुपद ग्रंथाला दिलं. मात्र त्या ग्रंथाला कपाटात ठेवत नाहीत. रोज त्याचा ‘प्रकाश’ करतात, म्हणजे तो विधिपूर्वक उघडतात, संगतीसमोर वाचतात, आणि त्याच्या सेवेला माणूस उभा असतो.

गुरू की ग्रंथ, हा प्रश्न वारकऱ्यांनी तोंडाने न बोलता सोडवलाय. माळ घालायची असते तेव्हा ती ज्ञानेश्वरीवर ठेवतात, तिथून उचलून कुणी जाणता माणूस गळ्यात घालतो. विष्णुबुवा जोगांनी तर आळंदीला माउलींच्या समाधीवर माळ ठेवून ती स्वतःच गळ्यात घातली, असं सांगतात. हा पुस्तकवाल्यांचा मोठा विजय म्हणायला हवा. पण याच जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मुलं गुरुजनांसमोर बसून पाठ घेतात, चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्त होतात, चाल बिघडली की पुन्हा म्हणतात. गुरूवाचून ज्याचं चाललं, त्याने दुसऱ्यांसाठी मात्र शिकवणारी माणसं उभी केली. माझ्या मते हा त्याने स्वतःच्या अनुभवाला दिलेला शेरा आहे.

मग बरा गुरू ओळखायचा कसा? मला मुंबईतल्या खेतवाडीची एक लहानशी माळ्यावरची खोली आठवते. विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज तिथे मराठीत बोलत. मॉरिस फ्रीडमन यांनी त्या संवादांचं इंग्रजी पुस्तक १९७३ साली आणलं, आणि युरोप-अमेरिकेतले वाचक पुस्तक काखोटीला मारून जिना चढू लागले. पुस्तकातली वाक्यं त्यांनी महाराजांनाच ऐकवावीत, आणि महाराजांनी विचारावं, हे बोलतंय कोण? काहींना वाटे, आता इथेच मुक्काम टाकावा. महाराज मात्र बऱ्याच जणांना काही दिवसांत सांगत की ऐकायचं ते ऐकून झालं, आता निघा. जिन्यावर पुढची माणसं उभी असत आणि खोली काही वाढणार नव्हती.