कसोटी पाठ, कारण गायब

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका सराव पुस्तिकेत या आठवड्यात एक ठळक चौकट दिसली: ज्या संख्येला 2 आणि 6 ने भाग जातो, तिला 12 नेही जातो. 18 घेऊन पाहा. 2 ने भाग जातो, 6 ने जातो, 12 ने जात नाही. 30 आणि 42 चेही तेच.

हा छपाईचा दोष नाही. 6 साठी 2 आणि 3 च्या कसोट्या लावतात एवढेच पाठ असलेल्या कोणीतरी तोच साचा 12 वर चालवला. पण 6 च्या पोटात एक 2 आधीच आहे आणि इथे तोच दोनदा मोजला गेला. 12 म्हणजे 2×2×3, म्हणून जोडी घ्यायची ती 3 आणि 4 ची. या दोघांत 1 शिवाय सामाईक विभाजक नाही.

या चौकटीशेजारी देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे काम ठेवून पाहावे. त्यांची 6174 ही संख्या जगभरच्या गणितप्रेमींना ठाऊक आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान मांडणी करून वजाबाकी करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. 3524 पासून निघालो तर 5432 − 2345 = 3087, मग 8730 − 0378 = 8352, मग 8532 − 2358 = 6174. पुढे 7641 − 1467 पुन्हा 6174 च. फार तर सात पायऱ्यांत सगळ्या संख्या इथेच पोचतात.

आता या उत्तरांच्या अंकांची बेरीज करा. 3087, 8352, 6174: प्रत्येकाची 18. म्हणजे तिन्हींना 9 ने भाग जातो, आणि तो जाणारच. 10 म्हणजे 9 + 1, 100 म्हणजे 99 + 1, 1000 म्हणजे 999 + 1. त्यामुळे संख्येला 9 ने भागले काय किंवा तिच्या अंकांच्या बेरजेला भागले काय, बाकी एकच. अंक उलटसुलट मांडले तरी बेरीज बदलत नाही, बाकी बदलत नाही, आणि वजाबाकीत ती बाकी उडून जाते.

जुने हिशेबनीस याच गोष्टीवर चूक पकडत. ताळा जुळेना आणि फरकाला 9 ने भाग गेला, की अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. 5472 च्या जागी 4572 लिहिले तर फरक 900. कारण समजलेल्या माणसाच्या हाती एकच कसोटी इतक्या ठिकाणी कामाला येते. नुसती पाठ केलेली कसोटी 12 पाशीच अडते.

‘ट्रिक’ शिकवणाऱ्या शिकवण्यांनी मुलांची गणिताची भूक मारली, हे या स्तंभाचे जुने मत आहे. ही चौकट पाहून ते आणखी पक्के झाले.

शिष्यवृत्तीचे प्रश्न बहुपर्यायी असतात, तिथे कारण कसे विचारणार, असे शिक्षक म्हणतात. विचारता येते. ‘2 आणि 6 ने भाग जातो, पण 12 ने जात नाही अशी संख्या कोणती: 24, 36, 54 की 60?’ शिक्षकांनी येत्या सराव परीक्षेत हा प्रश्न जरूर घालावा.