मथळ्यात कुठला शब्द घालायचा?

बोरीवलीत आम्ही वेब पत्रकारिता शिकतोय. फळ्यावर कमी, रस्त्यावर जास्त. स्टेशनाबाहेर जायचं, माणसं बोलती करायची, मोबाइलवर फोटो काढायचा, तासाभरात बातमी टाकायची. चुकलं तर दुरुस्तीची नोंद वेळेसकट. हाताला वळण लागतं, खोटं कशाला बोला!

पण मास्तर म्हणतात, लोक जे शोधतात तोच शब्द मथळ्यात घाला. वा रे वा! २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली, तेव्हा खैरलांजी हा शब्द कोण शोधत होतं?

ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीनं २०१९ साली माध्यमांतल्या वरच्या १२१ जागा मोजल्या. १०६ सवर्णांकडे. दलित, आदिवासी एकही नाही. त्यात वेबसाइटीही होत्या. म्हणजे यंत्र बदललं, खुर्च्या त्याच.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. २०२१ साली मीना कोटवाल यांनी त्याच नावानं वेबवर बातम्या सुरू केल्या. कुणाच्या खुर्चीची वाट पाहिली नाही.

तेव्हा मार्कांसाठी नॅशनल पार्कातल्या बिबट्याची बातमी खुशाल करा. पण त्याच जंगलातल्या आदिवासी पाड्यांवरही जा, पाणी कुठून आणता ते विचारा, आणि तेही टाका.