कुल्फी आणि कुलूप

रात्रीची तरावीह आटोपली की नवी मुंबईतल्या मशिदींसमोरचे रस्ते पुन्हा जागे होतात. वाशी, नेरूळ, तळोजा, पनवेल, कुठेही जा; एका बाजूला आइस्क्रीमच्या फ्रीजरभोवती मुले आणि दुसऱ्या बाजूला लाल फडके गुंडाळलेल्या माठाभोवती मोठी माणसे. त्यांत दिवसभराचे रोजेदार असतात, तसेच शेजारच्या सोसायटीतून जेवणानंतर शतपावलीला आलेले जोशी-पाटीलही असतात. 'आइस्क्रीम घे नाहीतर कुल्फी घे, शेवटी एकच' असे आई-बाप मुलांना सांगून मोकळे होतात.

पण ते एकच नाही. आणि हा फरक केवळ चवीचा नाही, मापाचाही आहे.

आधी शब्द पाहावा. अरबीत कुलपाला 'कुफ्ल' म्हणतात. फारसीच्या वाटेने तो हिंदुस्थानात आला. मराठीत त्याचे 'कुलूप' झाले आणि झाकणबंद साच्यात गोठवलेल्या दुधाला 'कुल्फी' हे नाव मिळाले. दाराला लागणारे कुलूप आणि माठातली कुल्फी ही अशी एकाच घरची भावंडे आहेत. मराठी माणूस रोज कुलूप लावून घराबाहेर पडतो आणि कुल्फीला मात्र परकी समजतो, ही गंमतच.

नावात कुलूप आहे, कारण कृतीतही ते आहे. दूध मंद आचेवर आटवत राहायचे. निम्मे होईपर्यंत, कधी त्याहूनही कमी. कोजागरीला जे दूध आटते, बासुंदीसाठी जे आटते, तेच हे दूध. आटताना पाणी जाते, रंग बदामी होतो आणि किंचित खरपूस वास येतो. मग साखर, वेलची, पिस्ते घालून ते पत्र्याच्या निमुळत्या साच्यात भरायचे, झाकण लावायचे, फट राहू नये म्हणून कडेला मळलेली कणीक थापायची आणि साचे बर्फ व जाड्या मिठात पुरायचे. मिठामुळे बर्फाचे तापमान शून्याखाली बरेच उतरते, उणे 20 अंशांच्या आसपासही जाते. आत दूध निवांत गोठते. त्याला कोणी ढवळत नाही आणि त्यात वारा शिरत नाही. म्हणून कुल्फी घट्ट असते, दाताला लागते आणि सावकाश वितळते.

आइस्क्रीमची रीत उलटी. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात पॉटचे आइस्क्रीम होत असे, त्यांना ती माहीत आहे. बर्फ तोच, मीठ तेच, पण दांडा सतत फिरवावा लागे. मिश्रण गोठत असतानाच घुसळले की बर्फाचे कण बारीक राहतात आणि हवा आत शिरते. हातपॉटमध्ये ती थोडी शिरते. कारखान्यातल्या यंत्रात ती मोजून भरली जाते. ही भेसळ नव्हे. हवा नसती तर फ्रीजरमधल्या आइस्क्रीमचा दगड झाला असता आणि चमचा वाकला असता. मऊपणा हाच त्याचा गुण आहे आणि तो गुण हवेचा आहे.

प्रश्न आहे तो ही हवा विकायची कशी, हा. वाशीच्या एपीएमसी मसाला बाजारात रमजानपूर्वी गर्दी होते. खजूर किलोवर, पिस्ते ग्रॅमवर, काट्याकडे डोळे लावून घेतले जातात. तेच कुटुंब आइस्क्रीमचा डबा मात्र लिटरवर घेते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान 525 ग्रॅम असले की पुरते. म्हणजे डब्याचा जवळजवळ निम्मा भाग हवा असू शकते. हवा न भरलेली कुल्फी त्याच मापाची घेतली तर वजनात दुपटीच्या जवळ जाते. गिरगाव चौपाटीकडे आजही कुल्फी कापून, काट्यावर तोलून देणारे दुकान आहे. काट्यावर हवा विकता येत नाही.

खटकते ते पुढे. याच मानकात आइस्क्रीम आणि कुल्फी एकाच व्याख्येत बसवली आहेत. दोन्हींना किमान 10 टक्के दुधाचे स्निग्धांश, 36 टक्के घन पदार्थ आणि तेच 525 ग्रॅम. आइस्क्रीमला हे माप शोभते, कुल्फीला नाही. घुसळून फुगवलेल्या कांडीवर थोडे केशर-वेलचीचे इसेन्स घालून 'कुल्फी' लिहिले, तरी ती या वजनाच्या कसोटीत बसते. मग चार-चार तास कढईसमोर उभा राहून दूध आटवणारा गाडीवाला महाग ठरतो. त्याची स्पर्धा हवेशी आहे, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. कुल्फीला स्वतःची व्याख्या आणि वजनाचे वेगळे माप मिळाले पाहिजे.

याचा अर्थ प्रत्येक गाडीवाला धुतल्या तांदळासारखा, असा नाही. दूध आटवण्याऐवजी कॉर्नफ्लॉवर किंवा ब्रेडचा चुरा घालून दाटपणा आणता येतो. ही लबाडी काट्यावरही कळत नाही. जिभेला पिठूळ लागते तेव्हा कळते. बर्फाचाही प्रश्न आहे. खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर रंगवावा, असा नियम 2018 मध्ये आला. साच्याभोवती असा बर्फ असला तर बिघडत नाही, कारण मध्ये कुलूप आहे. पण कुल्फी खारट लागली, तर ते कुलूप निसटले आहे असे समजावे. आणि त्याच पेटीतला बर्फाचा तुकडा फालुद्याच्या पेल्यात पडत असेल, तर तिथेच हटकावे.

मापात मारणाऱ्यांना खडसावणारी एक स्वतंत्र सूरह कुरआनात आहे. 'माप भरून घाल गं' असे मराठी घरातली आजीही सांगते. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवले तर ही शिकवण बाजारातही टिकते. ईदसाठी डबा घेताना त्यावर लिटरच्या शेजारी ग्रॅम लिहिले आहेत का, हे पाहावे. 'फ्रोझन डेझर्ट' असे शब्द असतील, तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पती तेल असू शकते हे ओळखावे. गाडीवर गेल्यास दूध किती आटवले, हे विचारावे. खरा कुल्फीवाला ते आनंदाने सांगतो.

मग खुशाल आइस्क्रीम घ्यावे किंवा कुल्फी. फक्त मुलाला 'दोन्ही एकच' असे सांगू नये.